अनवाणी माप

माणसानं विमान बनवावं, पण आधी आपली उंची तं पाहावी. आमच्या ओवीचे बाबा, नीळकंठराव, म्हंजे ताडमाड माणूस. डोणगावात कोणाच्याबी दारातून आत जाताना वाकतेत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाले आन् शेतातल्या टिनाच्या शेडात एकट्या माणसापुरतं विमान जोडाले बसले. ओवी विमान चालवाले शिकली, लायसन काढलं, तिच्यापायी हे खूळ घरात शिरलं. ती बापालेबी शिकवणार होती, आन् पहिल्यांदा विमान आपणच उडवणार, हे ह्याईनं साऱ्या गावाले सांगून ठेवलं होतं.

त्या शेडात चप्पल घालून कोणी जात नाई. दसऱ्याले विमानाच्या सांगाड्याची पूजा मीच केली, हळदकुंकू वाह्यलं, तवापासून चपला बाहेर. हेबी अनवाणीच आत बसून पायडलाचं माप घेत. पायडल म्हंजे पायानं दाबायच्या दोन दांड्या. डावी दाबली का शेपटीवरचं सुकाणू डावीकडं वळते, उजवी दाबली का उजवीकडं. ह्याईचे गुडघे समोरच्या काट्याच्या पाटीले टेकत, तरी मावत होते कसेबसे. त्या मापानं पायडल वेल्डिंग करून पक्के केले आन् लेकीले बोलावलं.

ओवी आली आन् बापाले म्हणे, बूट घालून बसा. मले असा राग आला का काय सांगू. पूजा केलेल्या विमानात बूट? ती म्हणे, आई, इंजिन पायापुढंच आहे, तापते, उडवताना बूट पाह्यजेच. ह्याईनं लग्नाकार्यातले काळे बूट घातले, आत बसले, डावा पाय दाबला. बुटाचं टोक पुढच्या पत्र्याले भिडलं आन् पायडल अर्ध्यातच थांबलं. उजव्याचंबी तेच. पायडल पुढं न्यावं तं पत्र्यापलीकडं इंजिन, सीट मागं न्यावी तं पेट्रोलची टाकी. जागाच नाई.

“मी अनवाणी उडवतो,” हे म्हणाले.

“तसं मी तुमाले बसू देणार नाई, बाबा.”

बापलेक दोघंबी हट्टी. हे ताटावर बसत आन् अर्धी भाकर टाकून उठत. मी ओवीवरच चिडली. बापानं एवढा जीव ओतला, तुले हो म्हणाले काय जाते, असं तोंडावर बोलली. तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, उतरताना आडवा वारा आला आन् बाबाचा अनवाणी पाय भाजून पायडलावरून सटकला, तं मी खाली उभी राहून काय करू, तूच सांग.

मंग एक दिवस सकाळीच शेडातून ग्राइंडरचा आवाज आला. पळतच गेली. पाह्यते तं ह्याईनं पक्के केलेले पायडल कापून खाली ठेवले होते. म्हटलं, काऊन हो, मोडता काय सारं? ह्याईनं ओवीले हाक मारली.

“बूट घाल आन् बस.”

ओवी माह्यासारखी बुटकी. तिच्या पायाजोगे पायडल सीटजवळ आणले का ह्याईचे गुडघे त्यात कदीच मावणार नाई, हे आमाले तिघालेबी कळत होतं. ती म्हणे, बाबा, थांबा, काही दुसरं पाहू. हे म्हणाले, बस म्हटलं ना. तिची टाच जिथं टेकली तिथं खडूनं रेघ मारली आन् तिले उतरवून वेल्डिंग सुरू केलं. इतके दिवस ह्या विमानाले मी खूळ म्हणत आली, पण त्या वक्ताले वाटलं का ह्याईनं एकदा तरी नाई, मीच उडवतो, असं म्हणावं.

पायडल थंड झाल्यावर ओवी परत बसली. हे मागं शेपटीजवळ गेले आन् सुकाणूवर तळहात ठेवला. दाब म्हणाले. तिनं दाबलं. सुकाणू ह्याईच्या हाताले लोटत पार कडेपर्यंत वळलं. दुसऱ्या बाजूलेबी तसंच.

“पोहोचते पाय,” हे म्हणाले. “अजून एकदा दाब.”

तिनं दाबलं. मंग अजून एकदा. माप कवाचं बरोबर झालं होतं, पण हे काही हात काढत नव्हते.