उन्हाळ्याचं बोलावणं

रेणूला सकाळपासून दम धरवत नव्हता. अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या लायब्ररीतला हॉल तिने घरचं कार्य असल्यासारखा मांडून ठेवला होता. एसी सुरू, खुर्च्या मांडलेल्या, ताकाचे जग, दहीभाताचं पातेलं. उन्हाच्या लाटेत म्हाताऱ्या माणसांना गार जागा मिळावी, ही योजना तिने आणि शहराच्या आपत्ती विभागातल्या कॅरलने हिवाळाभर बसून आखली होती. आज पारा शंभर फॅरनहाइटच्या वर जाणार होता आणि योजनेची पहिली खरी परीक्षा होती. इतका आनंद तिला सॉफ्टवेअरच्या नोकरीत कधी झाला नव्हता.

दुपार होत आली, तरी हॉलमध्ये चिटपाखरू नाही.

आता गंमत बघा. मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या ज्येष्ठांना मेसेज गेला होता. सगळ्यांनी तो वाचला, खाली अंगठा टाकला आणि घरी बसले. इकडची घरं थंडीसाठी बांधलेली. वरच्या मजल्यावर ना पंखा, ना एसी, आणि मुलं-सुना ऑफिसात.

"कुणी येणार नसेल तर हा हॉल बंद करून माझी कामाची माणसं दुसरीकडे पाठवते," कॅरल म्हणाली. घरी बसलेल्यांत तिचे स्वतःचे वडीलही होते, आणि प्रल्हादराव म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. तिने फोन लावला.

"बाबा, निघताय ना?"

"ऊन काय मला नवीन आहे? सगळा जन्म नागपुरात गेला."

"तिथे कूलर होता, बाबा. आणि तेव्हा तुम्ही बीपीच्या गोळ्या घेत नव्हता."

"ते राहू दे. मला बोलावलंय कुणी? मेसेज आला म्हणजे काय बोलावणं झालं? न बोलावता जाऊन फुकटच्या गारव्यात बसायचं, आपल्याला नाही जमत."

रेणूने कपाळावर हात मारला. हळदीकुंकवाचं बोलावणं करत आईबरोबर दारोदार हिंडलेली ही बाई, आणि विसरली काय, तर नेमकं तेच!

"बाबा, मी बोलावते. जेवायलाच या. आणि येताना एक काम करा. लतिकाकाकूंना आणि हेमचंद्रकाकांना तुम्ही बोलवा. काकूंना सांगा, त्यांनी सुवर्णाकाकूंना बोलवायचं. फोन उचलला नाही तर दार वाजवायचं, पण माणूस सोडायचा नाही."

काम अंगावर पडल्याबरोबर प्रल्हादरावांचा आवाजच बदलला. "ठेव फोन," ते म्हणाले.

आणि माणसं यायला लागली. लतिकाकाकू पन्ह्याची बाटली घेऊन आल्या, मागून सुवर्णाकाकू, त्यांच्यामागे त्यांची कोरियन शेजारीण. कुणाला पाय पसरायला जागा हवी, कुणाला पत्ते. कॅरल खुर्च्या लावून थकली, आणि रेणूला अक्षरशः नाचावंसं वाटलं. फक्त बाबा दिसत नव्हते. तिने दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

मग त्यांचाच फोन आला. "हेमचंद्र फोन उचलेना, म्हणून त्याच्या घरी आलो. गराजचा कोड मला माहीत होता. वर पडलाय गं. अंग भाजतंय आणि मला ओळखत नाही. ॲम्ब्युलन्ससाठी नाईन वन वन लावलाय."

"चादर ओली करून अंगावर टाका, बाबा. काहीतरी घेऊन वारा घाला. पाणी तोंडात ओतू नका." बोलता बोलता ती गाडीकडे धावत सुटली. ती पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती, आणि प्रल्हादराव अजून वर्तमानपत्राने वारा घालत होते.

संध्याकाळी हेमचंद्रकाकांच्या मुलाचा फोन आला. काका शुद्धीवर होते आणि चहा मागत होते. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, सुवर्णाकाकूंनी डोळे पुसले, आणि रेणूने कॅरलला कडकडून मिठी मारली. कॅरलने तिथेच योजना बदलायला घेतली. मेसेज जायचा तो जाईलच, पण प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला बोलवायला आणि न्यायला एक ठरलेलं माणूस असेल. जो तो आपापली जोडी सांगायला लागला. नुसता गलका झाला.

प्रल्हादराव मात्र कोपऱ्यात ताकाचा पेला धरून बसले होते. रेणू शेजारी जाऊन बसली.

"तुमच्याकडे कुणाचं नाव देऊ, बाबा?"

"हेमचंद्रचं दे." त्यांनी पेला खाली ठेवला. "आणि रेणू, पुढच्या वेळीही मी येत नाही असंच म्हणेन बघ. तरी मला न्यायला ये."