वेणीतला मासा

मेधाला खोटं बोलता येत नाही, असं आमची आई माझ्याबद्दल गावभर सांगत असते. तिला काय ठाऊक!

मी इथे परदेशात, विद्यापीठात जुन्या इजिप्तवर काम करते. पिरॅमिडवर नव्हे हो, तिथली साधी माणसं रोज काय नेसायची, केस कसे राखायची, अंगावर काय घालायची, त्यावर. लहान पोरांचं डोकं भादरून कानाशेजारी एक बट ठेवत आणि तिची वेणी घालत. कुणी वेणीच्या टोकाला चिमुकला मासा लावत. का, तर पोर पाण्यात बुडू नये.

हे मी इथेच तोआ पायोह भागात राहणाऱ्या भावाकडे जेवताना सांगितलं. माझं तोंड, दुसरं काय! भाचा अनिश पाच वर्षांचा. त्याचं जावळ राहिलेलं. काढायचं ते अंबेजोगाईला, कुलदेवीपुढेच, हा पुण्याहून आईचा हट्ट. तिसऱ्या वर्षी जाणं जमलं नाही, म्हणून आता पाचव्या. तोवर कात्री लावायची नाही. केस पाठीवर आलेले.

"आत्या, आय ऑल्सो वॉन्ट फिश, लाह!"

मी लिटल इंडियातल्या सोनाराकडून चांदीचा मासा करून घेतला. वेणी माझ्या हातांनी घातली. भार्गवी, माझी भावजय, हसून म्हणाली, "चला ताई, आता पाण्याची भीती नाही."

शनिवारी दुपारी अनिश मित्राच्या वाढदिवसाला एका कॉन्डोत, पूल असलेल्या सोसायटीत, गेला. तिथल्या पूलमध्ये तळाशी पाणी ओढणारी जाळी होती, तिच्यात त्याची वेणी ओढली गेली. एका शेजाऱ्याने बुडी मारून ती कात्रीने कापली. फार उशीर झाला होता.

हॉस्पिटलात तो शेजारी माझ्याजवळ येऊन रडला. नुसते केस सुटले असते, म्हणाला. तो मासा जाळीत आडवा बसला होता. रुचिर, माझा भाऊ, तेव्हा आत सह्या करत होता. मी कुणाला काही बोलले नाही.

आज सकाळी अनिशला न्यायच्या आधी भार्गवीने मासा माझ्या हातात ठेवला. "ताई, हा त्याच्या मनगटाला बांधा. वाटेत कुठे पाणी लागलं तर..."

मी काळ्या दोऱ्यात बांधला. मला अभ्यासाला मिळालेले मासे पोरांच्या थडग्यांतले होते. मासा असून पोर मेलं कसं, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. लाज वाटते मला माझी.

रुचिरने फोन माझ्याकडे दिला. पडद्यावर आई होती. दोन दिवसांत म्हातारी झालेली.

"जावळ राखायला मी लावलं," ती म्हणाली. "हे सगळे माझी समजूत घालतायत. तू खोटं बोलायची नाहीस. मेधे, त्या केसांपायीच गेलं ना गं माझं लेकरू?"

भार्गवी अनिशच्या मनगटावरून हात फिरवत होती.

"हो, आई," मी म्हणाले.