उजव्या भुवईचा गोंगाट

ईईजी काढणाऱ्या बाईंच्या हातचा आलेख म्हणजे धुतलेलं कापड, असं डॉक्टर म्हणत. मेंदूतली वीज डोक्यावरून टिपायची, तर स्नायू मध्येच कडमडतात. कुणी दात आवळले, आठी घातली, की नाजूक रेघांवर काळंकुट्ट गवत माजतं. अठरा वर्षं त्या गवताशी बाईंचा उभा दावा होता.

आज ते हटता हटेना. पलंगावर घड्याळजी होते. तीन महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून डोळे मिटलेले, हाक नाही की हूं नाही. त्यांना समजतंय असं आज दिसलं नाही, तर उद्या उपचार थांबवून शुश्रूषागृहात हलवायचं ठरलं होतं. तिथे गेलेल्याला पुन्हा तपासायला कोण आणतो? म्हणूनच बाईंना आलेख स्वच्छ हवा होता.

बिघडली होती ती फक्त कपाळाच्या उजव्या बाजूची रेघ. बाईंनी वायर बदलली, ती चिकटवायची पेस्ट पुसून नवी लावली. रेघ शहाण्यासारखी शांत झाली. बाई खुर्चीत टेकतात तोच पुन्हा गवत!

"काय मेलं हात धुऊन मागे लागलंय!" बाई पुटपुटल्या.

स्टुलावर बसलेल्या घड्याळजींच्या बायकोचं तोंड सुरूच होतं. "अहो, दुकानातलं लंबकाचं घड्याळ मागे पडत होतं ना, ते भावजींनी उघडलंय..."

गवत.

बाई ताठ झाल्या. "ताई, पुन्हा सांगा बरं ते."

"काय? भावजींनी घड्याळ उघडलं ते?"

गवत!

"आता दुसरं काहीतरी बोला."

"बाहेर ऊन आहे," बायको गोंधळून म्हणाली. रेघ शांत.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "काम करताना काका आठी घालायचे?"

"आठी कसली! भुवई आवळून उजव्या डोळ्यात भिंग धरायचे. चाळीस वर्षं. जेवायला बसले तरी काढायचं भान नसायचं."

बाई घड्याळजींच्या कानाशी वाकल्या. "काका, भिंग धरा."

चेहऱ्यावर तसूभर काही हललं नाही. पडद्यावर मात्र गवत तरारलं.

"काढा."

शांत.

पाच वेळा सांगितलं, पाचही वेळा बरोबर! बाई चप्पल न घालताच डॉक्टरांना बोलवायला धावल्या.

डॉक्टर आले आणि सवयीने त्यांचं बोट गवत गाळून टाकणाऱ्या बटणाकडे गेलं.

"हात लावाल तर याद राखा!" बाई ओरडल्या. साहेबांवर ओरडण्याची ही पहिलीच वेळ.

डॉक्टरांनी स्वतः विचारलं, "काका, उत्तर हो असेल तर भिंग धरा, नाही असेल तर राहू द्या. तुम्ही शिंपी आहात?" शांत. "घड्याळं दुरुस्त करता?" गवत. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि उद्या हलवायच्या हुकुमाच्या कागदावर आडवी रेघ मारली.

बायको पलंगाशी आली. तीन महिने एकटीच बोलत होती, आता विचारायची वेळ आली तर शब्द सापडेनात.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "माझ्या बडबडीला कंटाळलात का हो?"

रेघ शांत राहिली. अगदी शांत. बायकोने घाबरून बाईंकडे पाहिलं.

"नाही म्हणताहेत," बाई म्हणाल्या.

"मग बोलत राहू?"

पडद्यावर उजव्या रेघेचं गवत माजत गेलं आणि थांबेचना. बाईंचे डोळे वाहत होते. बायकोने पदराने नाक पुसलं, स्टूल जवळ ओढलं.

"तर मी काय सांगत होते, ते लंबकाचं घड्याळ..."