एसीतला हामूर

बहारीनहून सौदीकडे जाणारा जो समुद्रावरचा लांबलचक पूल आहे ना, त्याच्या खांबांखाली बसएवढा एक हामूर राहतो. एकदा एका गलबतावरून नवाकोरा विंडो एसी पाण्यात पडला आणि या माशाने तो खोक्यासकट गिळला. तेव्हापासून हामूर जिथे जांभई देतो तिथलं पाणी गारठतं, आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासे येतात ते थेट बर्फ लावूनच. खोटं वाटत असेल तर मासळीबाजारात जाऊन विचारा.

ही गजाल दत्ताराम परबाची. गजाल म्हणजे देवगडाकडच्या माणसाने सांगितलेली गोष्ट. तिच्यात खरं किती आणि खोटं किती हे विचारायचं नसतं, फक्त ‘मगे?’ म्हणायचं असतं. दत्ताराम बहारीनच्या हमद टाउनमध्ये एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा, आणि ड्यूटी संपली की खोलीत बसून तोंड चालवायचा. त्याच्या खोलीत राहणारा स्वरूप कराडकडचा, एसी दुरुस्त करणारा, तिशीचा गडी. दत्तारामाच्या गजाली ऐकत तो भात कालवायचा आणि हसता हसता ठसका लागून पाणी मागायचा.

त्यातही स्वरूपाची लाडकी होती ती यमाच्या रेड्याची. दत्ताराम एकदा मेला होता म्हणे. यमाने त्याला रेड्यावर मागे बसवून नेलंसुद्धा. पण फोंडाघाट चढताना रेडा पंक्चर झाला. यमाकडे स्टेपनी नाही! मग दत्तारामाने ‘आपण दोघे एकाच लायनीतले’ असं म्हणून रेड्याच्या खुराला पॅच मारून दिला, आणि यमाने खूश होऊन त्याला परत घराच्या पडवीत आणून सोडलं. त्या दिवसापासून दत्तारामाने दारू सोडली. का सोडली, हे कुणी विचारलं नाही. रेडा पंक्चर झाल्यावर असल्या बारीकसारीक गोष्टी कोण विचारतो?

तर यंदाच्या थंडीत ती सुटलेली दारू पुन्हा लागली. कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीत एक पेला झाला. पेल्याला सोबत नको का, म्हणून दुसरा. मग रोज संध्याकाळी, मग उठल्या उठल्या हात स्थिर व्हावा म्हणून, मग जेवणाआधी आणि जेवणाऐवजी. महिनाभरात दत्ताराम पूर्वी होता तिथे जाऊन पोचला, आणि तेही जुन्या वाटेने नाही, आडवाटेने, धावत.

इतक्यात रमजान आला. रमजानात इथे दारूची दुकानं बंद. आपल्या मंडळींनी त्यावर तोडगा काढलेला होताच. गावाकडे श्रावणाआधी गटारी करतात, तर इथे रमजानाआधी करायची! खोलीत चिकन शिजलं, बाटल्या आल्या. दत्तारामाने उभं राहून जाहीर केलं, “उद्यापासून माझापण श्रावण. दुकानच बंद, म्हटल्यावर दारू मेळतली खंय? आपोआप सुटतली!”

“शाब्बास, दत्ताकाका! ह्याला म्हणत्यात मर्द!” स्वरूप म्हणाला, आणि उरलेली बाटली त्याने सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दत्तारामाने ताप म्हणून कळवलं आणि तो घरी राहिला. त्याच्या हातातला कप बशीवर असा वाजायला लागला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी ‘कोन है?’ म्हणून ओरडलं. घाम फुटला तो इतका, की पिळून काढला असता तर वाळवंटात भातशेती झाली असती. स्वरूपाने लिंबू-सरबत करून दिलं. “घाम येऊ द्या काका. विष चाललंय भाईर.”

आणि त्याच्या पुढच्या दिवशी, दुपार कलताना, हामूर आला.

एसी बंद होता. अजून थंडी सरली नव्हती, खोलीत कुणी एसी लावत नव्हतं. दत्ताराम खाटेवर पडून पाहत होता, आणि एसीच्या पट्ट्या हलल्या. एक खाली गेली, एक वर. मधे अंधार दिसला, ओला. त्या अंधारात दोन जाडजूड ओठ होते, आणि ते उघडत मिटत होते. सावकाश. पाण्यातून काढलेला मासा टोपलीत तळाशी पडून करतो तसे.

दत्तारामाने डोळे मिटले. मिटल्यावर चादरीवरची फुलं चालायला लागली, ती त्याला पोटरीवर जाणवली. उघडले तर ओठ होतेच.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी त्याला हाका मारत होतं. “ओ ड्रायव्हर, बस सोडा! ओ ड्रायव्हर!” एक नाही, भरलेली बस हाका मारत होती. तो उठला, भिंत धरत बेसिनपाशी गेला, आणि त्याने काय केलं असेल? भोकाला नाक लावलं. गटारीच्या दिवशी ओतलेली तिथे कुठे असेल का, वास तरी. वास साबणाचा होता. तो तसाच वाकून राहिला, कारण मान वर केली तर समोर आरसा होता आणि आरशात एसी दिसला असता.

रमजानात कामाचे तास कमी, म्हणून स्वरूप लवकर परतला. दारातच त्याने विचारलं, “काय वो काका, बेसिनात काय हुडकताय?”

“स्वरूपा,” दत्ताराम मान न उचलता म्हणाला, “एसीत हामूर बसलो आसा.”

स्वरूप खदखदून हसला. “आला का! आन् त्येनं गिळलेला एसी कुटं हाय मग? एसीत हामूर, हामुरात एसी!”

“अरे थाप नाय ही.”

“नायच म्हणतोय की मी. फुडं सांगा.”

“माझ्याकडे बगता तो.”

“बगंल न्हाय तर काय! तुमीच त्येला एवढं मोठं केलंय.” आणि बूट काढता काढता तो पुन्हा हसला.

आजवर दत्तारामाने किती थापा मारल्या, सगळ्या लोकांनी ओंजळीने प्यायल्या. आणि आता हा एकच घोट खरा, तर कुणी ओठाला लावत नाही. त्याने स्वरूपाचं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, त्याचा हात स्वरूपाच्या मनगटावर फडफडला.

“बरं बरं,” स्वरूप म्हणाला. “आता बगाच तुमी. आपला धंदाच हाय त्यो.” त्याने स्टूल ओढलं, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि एसीची जाळी उघडायला सुरुवात केली.

“नको!”

“आवं, एकदा रिकामं दिसलं म्हंजी मन शांत हुतंय.”

एक स्क्रू पडला. दुसरा. दत्ताराम खाटेखाली शिरायला लागला. जाळी निघाली, स्वरूपाने मोठ्या थाटात म्हटलं, “हे बगा, मफी! काय न्हाय!” आणि दत्तारामाला दिसलं की जाळी निघाल्यामुळे आता आतल्याला अडवणारं काहीच उरलं नाही. हामूर खांद्यापर्यंत बाहेर आला. माशाला खांदे नसतात हे दत्तारामाला ठाऊक होतं. याला होते.

तो असा किंचाळला की स्वरूप स्टुलावरून उतरला नाही, पडला.

“गुमान झोपा आता,” स्वरूप चिडून कोपर चोळत म्हणाला. पण त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

तेवढ्यात दत्तारामाचा फोन वाजला. गावाहून रखमा, त्याची बायको. रोज या वेळेला तिचा फोन यायचा आणि रोज तो तिला एक तरी गजाल ऐकवायचा. ती तिकडे तांदूळ निवडत ‘मगे?’ म्हणायची. लग्न झाल्यापासून तिने हजारदा मगे म्हटलं असेल आणि एकदाही विश्वास ठेवला नसेल.

स्वरूपाने फोन स्पीकरवर लावून खाटेखाली सरकवला.

“काय चल्लाहा?” रखमा म्हणाली.

“एसीत हामूर आसा,” दत्ताराम म्हणाला. “जाळी काडल्यान हेनी. तो आता भायर इलो.”

“मगे?”

“माझ्याकडे बगता.”

“मगे तुम्ही काय केलास?”

प्रत्येक गजालीत इथेच तो काहीतरी करायचा. पॅच मारायचा, उंटाला बनवायचा, वादळाला चहा पाजायचा.

“काय नाय केलंय,” तो म्हणाला. “मी भियालंय.”

पलीकडे तांदळाचा आवाज थांबला. तिकडे कुठेतरी कुत्रं भुंकलं. मग रखमा म्हणाली, आणि तिचा आवाज पार बदललेला होता, “पिल्यास तुम्ही.”

“सोडलंय.”

“कधी?”

“परवा.”

“एकदम?”

“एकदम.”

“देवा रे! स्वरूपा! झिला, आसस खंय तू? फोन घे.”

स्वरूपाने फोन उचलला. “काकी, काय न्हाय वो, काकांची नेहमीची—”

“ह्यांनी तुका यमाच्या रेड्याची गजाल सांगितल्यानी मा?”

“व्हय, पंक्चरची—”

“ती खरी हुती,” रखमा म्हणाली. “रेडो खोटो, बाकी खरा. असाच एकदम सोडल्यानी. आधी हात थरथरले, मगे पडवीत माणसा दिसूक लागली, मगे फीट इली. डोळे वर गेले, तोंडाक फेस, श्वास नाय. ओरसाक मोठ्या हॉस्पिटलात नेऊन वाचवले. डॉक्टर माका म्हणालो, परत लागली तर घरात सोडवू नको, औषध देऊन सोडवूची लागता, नायतर माणूस जाता. आता उचल तेंका. आयकले नाय तरी उचल.”

स्वरूपाने खाटेखाली पाहिलं. इतके महिने ज्यावर तो हसत होता, त्या रेड्याची शिंगं त्याला पहिल्यांदा दिसली असावीत.

“काका, भाईर या. सलमानियाला जायाचं.”

“नको! हॉस्पिटलात विचारतले. कंपनीक कळला तर बस जाईल, लायसन जाईल…”

“जाऊ दे की!”

“मगे मी कोण रवतलंय?”

स्वरूपाने त्याला पाय धरून खाटेखालून ओढलं. शेजारच्या खोलीतल्या खिजरभाईंकडे पिकअप होता. ते हैदराबादचे, रोजा होता, सोडायला अर्धा-पाऊण तासच उरला होता. समोर फळं कापून ठेवलेली. त्यांनी दत्तारामाला दारात पाहिलं आणि नुसती चावी उचलली.

“खिजरभाई, आपका रोजा…”

“रोजा मेरे साथ गाडी में चलता मियाँ. तुम इनकू बीच में बिठाओ. यल्ला!”

मग रस्ता. हमद टाउनच्या चौकांमधली वाहतुकीची वर्तुळं एकामागून एक यायची, आणि दत्तारामाला वाटायचं की पिकअप एकाच वर्तुळाभोवती फिरतोय, मधलं खजुराचं झाड दर फेरीला जवळ येतंय. जो तो घरी रोजा सोडायला निघालेला, गाड्यांना गाड्या खेटलेल्या. फोन स्वरूपाच्या मांडीवर चालूच होता. रखमा अधूनमधून विचारायची, “पोचलास?” आणि स्वरूप म्हणायचा, “पोचतोय, काकी.” मागच्या काचेतून काही थंड मानेला लागत होतं. दत्तारामाने वळून पाहिलं नाही. गाडी चालवणाऱ्याला आरशात पाहायची सवय असते. ती सवय दाबून धरायला त्याने दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले.

हॉस्पिटलसमोरच्या सिग्नलला थांबले तशी बांग झाली. पांढऱ्या झग्यातली काही पोरं गाड्यागाड्यांतून धावत पुड्या वाटत होती. खजूर, पाणी, लबन म्हणजे इथलं ताक. एक हात खिडकीतून आत आला.

“हो खरो आसा?” दत्तारामाने विचारलं.

“क्या पूछरे?” खिजरभाईंनी विचारलं.

“ये हाथ सच का है क्या, पूछ रहे,” स्वरूप म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. “खरा हाय, काका. खजूर हाय त्यात.”

खिजरभाईंनी एक खजूर तोंडात टाकला, सिग्नल सुटला, आणि दत्तारामाच्या तोंडात लोखंडाची चव आली. जबडा आपोआप वळला. खिडकीतला दिवा लांब लांब ताणला गेला.

त्यानंतर पांढरं छत होतं. हाताला सलाईन. जीभ दाताखाली सापडून सुजलेली. उशाशी स्वरूप, त्याच्या शर्टावर वाळलेला फेस, तो कुणाचा हे दत्तारामाला हळूहळू कळलं. हॉस्पिटलच्या फाटकातच फीट आली होती. सुई टोचून ती थांबवली होती, आणखी काही दिवस ठेवून घेणार होते.

डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, रोज किती घ्यायचात. तोंडाशी नेहमीचा निम्मा आकडा आला. मग दत्तारामाने छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि जेवढी होती तेवढी सांगितली. त्यांनी मान डोलावली. रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्याला ते फार विचित्र वाटलं, कुणी ऐकलं आणि नुसतं खरं मानलं.

त्या गेल्यावर स्वरूप जवळ सरकला. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाला, “काय काका, यंदा रेडा कसा हुता? टायर तरी नवं बसवल्यात का?”

दत्तारामाने विचार केला. सिग्नलचा लांबलेला दिवा आणि हे छत यांच्यामधे काय होतं ते त्याने शोधलं. गेल्या वेळी त्या जागेत त्याने रेडा बसवला होता, घाट बसवला होता, स्टेपनी. सगळं नंतर, शुद्धीवर आल्यावर, भरलेलं.

“रेडो नव्हतो,” तो म्हणाला. “काय्येक नव्हता थंय.” आणि त्याचे दात वाजायला लागले, थंडीने नाही. हामूरला पाहूनही ते असे वाजले नव्हते.

स्वरूपाने चादर वर ओढली आणि फोन त्याच्या कानाला लावला.

“आयकतंय मी,” रखमा म्हणाली. “गेलो तो?”

दत्तारामाने कोपऱ्यात पाहिलं. छताखाली हवेची एक जाळी होती. पट्ट्या स्थिर होत्या. बऱ्यापैकी स्थिर.

“थंयच आसा. पण आता तोंड मिटून बसलो आसा.”

“मगे?”

तिने सवयीने विचारलं की मुद्दाम, कोण जाणे. दत्तारामाने ओठ ओले केले. पुढचं वाक्य नेहमीसारखं आपण होऊन आलं नाही.

“मगे काय ता माका ठावक नाय,” तो म्हणाला. “तू फोन ठेव नको.”

“नाय ठेवणंय,” रखमा म्हणाली, आणि तिकडे पुन्हा तांदूळ सुपात पडायला लागले.