खोटे ओठ

पापणीवर धूळ होती. एका रापलेल्या माणसाच्या पापणीवर वाळूचा कण, आणि तो डोळा एवढा मोठा की अख्खा टीव्ही त्यानेच भरलेला — क्षमाला वाटलं, हात लावला तर बोटाला लागेल.

मुलुंडला धाकट्या दिराकडे, नंदकिशोरकडे, रविवारी दुपारी भाड्याचा व्हिसीआर आला होता. कॅसेट घालण्याआधी तो सगळ्यांसमोर उभा राहून सांगत होता, की हा काउबॉयचा सिनेमा इटलीवाल्यांचा. नट आपापल्या भाषेत बोलले, आवाज मागाहून चढवले, म्हणून ओठ एक बोलतात आणि ऐकू येतं भलतंच. आपल्या हिंदीतल्या डाकूंनी ते रोखून बघणं यांच्याकडूनच उचललंय. तो समोर होता म्हणून तिला कळलं. पाठमोरा असता तर... गेली काही वर्षं तिचे कान विझत चालले होते आणि ती माणसांच्या ओठांवर जगत होती — कुणाला न सांगता, इतर हसले की हसत, कुकरची शिटी वाफेवरून ओळखत.

इथे मात्र ओठच खोटे. जाऊबाई सुलक्षणा कंटाळून गवार मोडायला बसली. नुसते बघत किती वेळ उभे राहणार हे, असं पुटपुटली असावी. पण क्षमाला सगळं दिसत होतं. ओसाड माळावर ठिपक्याएवढी दोन माणसं, मग एकदम डोळे, मग बोटं, पुन्हा डोळे... या लोकांनी बोलण्याला घराबाहेरच काढलं होतं, आणि डोंगरावरून ढगाची सावली सरकावी तसं त्या चेहऱ्यांवरून मन सरकत होतं. एवढा मोठा असतो माणसाचा चेहरा? आणि मी त्यातले फक्त ओठ वाचत बसले...

"तो गोळी नाही झाडणार," ती म्हणाली. "त्याला दया आलीय."

त्या माणसाने पिस्तूल वाळूत टाकलं.

तिचा नवरा, अनंत, खुर्चीवरून उठला, वळसा घालून तिच्या पुढ्यात आला, खिडकीचा उजेड तोंडावर येईल असा वाकला. "कसं गं ओळखलंस?" त्याने सावकाश विचारलं.

हल्ली तो नेहमीच असा पुढ्यात येऊन बोलतो. स्वयंपाकघरात ओट्यापाशी येतो, जिन्यात दोन पायऱ्या खाली उतरून वळतो... कधीपासून? म्हणजे याला माझ्या कानांचं ठाऊक —

तो आणखी काही बोलला. तिने ओठांकडे पाहिलंच नाही. त्याच्या डोळ्यांत भीती होती, पकडलं गेल्याची, आणि त्या भीतीमागे दूरवर पसरलेलं काहीतरी, जे इतकी वर्षं एका घरात राहून तिने कधी पाहिलं नव्हतं. सांगावं का, विचारावं का, तिला ठरवता येईना. ती फक्त बघत राहिली, त्या एवढ्या मोठ्या मुलखात नुकतीच उतरल्यासारखी.