खाजगी फाशीचा रकाना

एक कागद आहे. त्याच्यावर लिहून आहे का जंगू गावडे याले पोलिसाचा खबऱ्या म्हणून मौतीची शिक्षा देण्यात आली. खाली लाल शाईत सही. आता जंगू गावडे म्हणजे मीच, अन् मी तं इथी बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन राह्यलो. मेला तो इसरू पोटावी.

आमच्या गावात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असते. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाई. यंदा मोह गळाले लागला अन् नेमकं नागभीडच्या अंगाले माह्या बायकोच्या, रुखमाबाईच्या, भाचीचं लगन निघालं. आमी दोघंही गेलो. शेजारच्या इसरूले म्हणलं, बाबा, आमी येतपर्यंत माह्या झाडाखालचं तू वेच, अर्धं तुले. बंदूकवाले नक्षल आले, आमी त्यायले दलमवाले म्हणतो. पोट्टे दूरचे, त्यायनं माहं तोंड कुठी पाह्यलं! कोणीतरी सांगतलं असंन का नाल्याजवळचं झाड जंगूचं. झाडाखाली माणूस दिसला, म्हणजे झाला जंगू. इसरू टोपल्यासंगच पडला. त्याच्या छातीवर तो कागद ठेवला अन् गेले.

अन् माहा गुन्हा काय, तं पावसाळ्यात पोलिसाची गाडी चिखलात फसली होती, मी धक्का मारला. बस. कागदावर मात्र 'जनअदालतीत रीतसर सुनावणी झाली' असं! कुठी झाली रे? मले बोलावणं नाई, निरोप नाई. पेपरवाले म्हणते, आता नक्षल मूठभर उरले. उरले असतीन. इसरूसाठी तेवढे पुरले.

इसरूची बायको सोनीबाई. पोरगी दिव्या, बारावी झालेली. नक्षलाईनं मारलेल्याच्या घरी एकाले नोकरी भेटते, पण मौत तशी लिहून पाहिजे. पोलिसाच्या कागदात होतं 'मारणारे अज्ञात, कारण अज्ञात'. मंग गावातल्या रिकामटेकड्यायले काय, फावलंच. म्हणाले लागले, दारूच्या भांडणात गेला असंन. सोनीबाई हे ऐकून जळत होती. म्हणे, नवरा गेला तं गेला, आता त्याची मौतही खोटी करून राह्यले. मी म्हणलं, चल, मी येतो संगं. तिचा माणूस माह्या नावानं मेला, मी घरी बसून राहू काय?

तालुक्याच्या ऑफिसात खुशालबाबू. वाईट माणूस नाई. सगळ्याईले बाई-भाऊ करते, बसाले खुर्ची देते. असा गोड माणूस नाई म्हणते तेव्हा आईच्यान, कानफटात द्यावंसं वाटते.

"बाई, कम्प्युटरात मृत्यूचं कारण निवडावं लागते," तो म्हणे. "साप आहे, वीज आहे, वाघ आहे, विहीर आहे."

"माह्या नवऱ्याले शिक्षा म्हणून मारलं जी."

"शिक्षेत फाशी आहे ना. पण तो रकाना सरकारनं देल्लेल्या फाशीचा. खाजगी फाशीचा रकाना नाई."

"अन् नक्षलाईनं मारलं, असा?"

"आहे, आहे. पुरावा लागते."

सोनीबाईनं तो कागद टेबलावर ठेवला. त्यानं चष्मा लावून वाचला. "यात तं जंगू गावडे लिहून आहे."

"जंगू मी," म्हणलं.

"मंग तुमी जिवंत कसे?"

"चुकून."

त्याले काही हसू आलं नाई. म्हणे, "पाहा बाई, कागद एकाचा अन् मयत दुसरा. जुळलं पाहिजे. एक तं नाव बदला, नाई तं मयत."

मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे मी मरू काय?"

"तसं कुठी म्हणलं भाऊ! ज्यायनं हा कागद देल्ला, त्यायच्याकडून दुरुस्ती आणा. सहीनिशी. अन् संगं दोन झेरॉक्स."

सोनीबाई उभी राह्यली. "साहेब, ज्यायनं मारलं त्यायनं लिहून देल्लं, आमी मारलं म्हणून. तुमाले नुसतं उतरवून घ्याचं आहे. तेबी होऊन नाई राह्यलं?"

"घेतलं असतं बाई. पण नाव चुकलं ना त्यायचं."

येता येता बसमध्ये ती म्हणे, "जाऊ दे जंगूभाऊ. त्यायले चूक समजली तं ते तुले सोडतीन काय? तुह्या जीवावर मले नोकरी नाई पाहिजे." खरं सांगतो, मले भेव वाटलं. तोपर्यंत दलमवाल्यायच्या हिशोबानं मी मेलेलो होतो, म्हणून तं सुखानं झोपत होतो.

मंग आला बाजाराचा दिवस. दिव्या चारोळी विकाले बसली होती. तिच्या तोंडावर एक जण म्हणे, "इसरू काय, पिऊन कोणासंग भिडला असंन." पोरीनं मान खाली घातली. माहं डोस्कं फिरलं. भर बाजारात वरडलो, "अरे, इसरू माह्या झाडाखाली मेला, माह्या नावानं मेला! मारणारे ऐकत असतीन तं ऐका! माणूस चुकीचा मारला, कबूल तं करा! जंगू मी आहो, हा पाहा!"

मिरचीवालीनं तराजू खाली ठेवला. रुखमाबाईनं मले ओढत घरी नेलं, अन् घरी अशा शिव्या देल्ल्या का दलमवाले परवडले. शिव्या देता देता रडाले लागली. मीबी रडलो.

काही दिवसानं सकाळी हापशीले नवा कागद चिकटून होता. 'इसरू पोटावी यांना चुकीने शिक्षा देण्यात आली. त्यांच्या कुटुंबाची व जनतेची आम्ही जाहीर माफी मागतो. जंगू गावडे याची शिक्षा कायम आहे.' खाली लाल शाईत तीच सही.

सोनीबाईनं तो फाडून काढला, म्हणे चुलीत घालते. मी हिसकावला. "खबरदार! नवऱ्याची मौत खरी कराची आहे ना तुले?" रुखमाबाई म्हणे, पळा, चंद्रपूरले माह्या बहिणीकडे जाऊन राहा. म्हणलं, पहिले हे काम करतो, मंग पळतो.

खुशालबाबूचं तोंड फुललं. "वा! याले म्हणते कागद. आमच्या लोकाईनं शिकलं पाहिजे बाप्पा, इतक्या लवकर दुरुस्ती!" त्यानं चहा सांगतला. कम्प्युटरात बोटं चालवली, अन् इसरू पोटावी नक्षलाईच्या हातून मेला, असं सरकारात लागलं. सोनीबाईनं ती ओळ दोनदा वाचून घेतली. मंग सही केली अन् टेबलावर डोकं टेकून रडली. माह्याही छातीवरचा धोंडा उतरला. म्हणलं, इसरू, लेका, झालं तुहं काम.

खुशालबाबू अजून तो कागद वाचूनच राह्यला होता. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"जंगूभाऊ," तो म्हणे, "यात तुमचंही नाव बरोबर आहे, सहीही बरोबर आहे. तुमचीबी फाईल आत्ताच लावून ठेवू काय? मंग घरच्यायले हेलपाटे नको. तारीख तेवढी कोरी सोडतो."

सोनीबाईनं तोंडाले पदर लावला. माह्या तोंडात शिवी आल्ती, चांगली मोठी. पण त्याच्याकडं पाह्यलं तं माणूस खरंच काळजीनं विचारून राह्यला होता.

"वारस कोण लावू?"

चहा घेऊन पोऱ्या आला. मी कप घेतला, चहा बशीत ओतला.

"रुखमाबाई," म्हणलं. "रुखमाबाई जंगू गावडे. नीट लिहा जी, नाव चुकवू नका."