संगीताच्या शिडाखालची चाकगाडी

मी एक जुनी चाकगाडी आहे. नाव ऐकून फार मोठं काही समजू नका, मित्रांनो; मी तुमच्या तळहातावर मावते. वणीच्या एका गोदामाचं सरकतं दार मी रुळावर धावत वर्षानुवर्षं पेललं. कोळशाची धूळ खाल्ली, पण कधी कुरकुरले नाही. पुढे ते दार भंगारात गेलं आणि मी ढाणकीच्या इकबाल मिस्त्रींच्या डब्यात येऊन पडले. तिथे गंजक्या नटबोल्टांच्या गर्दीत मला कोणी विचारीना. फार वाईट वाटायचं.

मग तांड्यावरची संगीता दुकानात आली. धरणाच्या पाण्यावर तिची छोटी शिडाची नाव होती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात तिचा डावा हात गेला होता, पण उजवा सुकाणूवर असा बसायचा की बघत राहावं! अडचण एकच. नाव वाऱ्यासमोरून वळवताना पुढच्या शिडाची एका बाजूची दोरी सोडावी लागते, दुसऱ्या बाजूची ओढावी लागते. ते काम तिचे वडील फुलचंद करायचे. आता त्यांचे गुडघे वाकेनात. ते उतरले की संगीताची नावही कायमची काठाला लागणार होती.

"चाचा, दोन दोऱ्यांची एक करता येते. शिडाच्या नावांच्या शिबिरात पाह्यलं होतं म्या," ती म्हणाली. "शीड आपोआप बाजू बदलते. तसं करून द्या ना."

चाचांनी डोलकाठीच्या पुढे एक सरळ रूळ आडवा बसवला, त्यावर मला चढवलं आणि पुढच्या शिडाच्या मागच्या टोकाची दोरी माझ्यातून ओवली. पण पहिल्याच वळणाला माझी फजिती झाली. मधोमध दोरी सैल पडायची, कडेला जाऊ लागले की ताठ व्हायची. मी मध्येच अडून बसले आणि शीड नुसतं फडफडत राहिलं.

"राहू दे पोरी, मी येतो ना," म्हणत फुलचंद गुडघे धरून नावेत चढू लागले. संगीताचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचा मला रुळासकट काढून परत आले आणि दुकानाचं दार लोटू लागले. पत्र्याचं ते दार बिजागरीतून ओघळलं होतं, फरशीवर खरडत जायचं. चाचा त्या गोल ओरखड्याकडे बघतच राहिले.

"दाराचं टोक सरळ जाते काय? मग शिडाचं कसं जाईन? माह्या ध्यानात काहून नाही आलं!"

शिडाची बिजागरी म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी बांधलेली तार, जिच्याभोवती शीड फिरतं. तिच्यापासून सगळीकडे सारखं अंतर राहील असा रूळ त्यांनी वाकवला, दोन्ही कडा पुढे झुकलेल्या. धन्य ते चाचा!

दुसऱ्या दिवशी संगीता एकटी निघाली. भर पाण्यात तिनं सुकाणू लोटलं, नाव वाऱ्यासमोरून फिरली, शिडानं मला ओढलं आणि मी सरसर पलीकडच्या कडेला पोचले. दोरी होती तेवढीच. कोणी काही सोडलं नाही की ओढलं नाही, तरी शीड टम्म भरलं.

"वाह रे माही गाडी!" संगीता ओरडली. एवढं कौतुक मला जन्मात मिळालं नव्हतं.

नाव काठाला आली तेव्हा फुलचंदांशेजारी उभे चाचा हसत होते. "फुलचंदभाऊ, ती वळली का तुमचा हात दोरी ओढल्यावानी कायले मांगं जाऊन राह्यलता?"

"सवय," फुलचंद ओशाळून म्हणाले. मग तळहाताकडे बघत राहिले. "आता या हातानं काय करू?"

संगीतानं त्यांच्या हातात पाण्याचा गडू दिला. "बा, रुळातली रेती धू."

मित्रांनो, मला अडवायला रेतीचा एक कण पुरतो. मुकाट चालणाऱ्या वस्तूंकडे सहसा कोणी बघत नाही; तुम्ही बघत जा. फुलचंद अजूनही रोज येतात. रूळ धुतात, मला या कडेहून त्या कडेला एकदा ढकलून बघतात आणि मगच लेकीला म्हणतात, "जाय आता. एकटी जाय."